व्हाकिटा मरणारच होता म्हणे!

परवा भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवलं आणि मी अर्ध्यावरच थांबवलं. सगळं घरच्या ग्रुपवर फिरलेल्या ‘व्हाकिटा की अल्बाट्रॉस, पैसा कुणावर?’ या मेसेजमधून उचललेलं. पाठवणारे कोण, तर आमचे दाजी!

मेसेज सांगतो: व्हाकिटा हा मेक्सिकोचा छोटा समुद्री सस्तन प्राणी, जेमतेम दहा उरलेत, नात्यातल्या नात्यात पिल्लं होऊन तो संपणारच. फार तर टाकीत पैदास करा. अल्बाट्रॉस हे मोठे समुद्री पक्षी हजारोंनी आहेत, त्यांची काळजी नको. दोघांचा खरा शत्रू प्लास्टिक.

दहाच्या आसपास उरलेत, हे कबूल. पण ‘संपणारच’ हे कुणी ठरवलं? 2022 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात 20 व्हाकिटांच्या जनुकांचा अभ्यास आला. हा प्राणी हजारो पिढ्या मुळातच थोडा होता, त्यामुळे नात्यातल्या पिल्लांना मारतील असे दोष त्याच्यात कमीच साठलेत. मासेमारीच्या जाळ्यातले मृत्यू पूर्ण थांबले तर तो नामशेष व्हायची शक्यता 6 टक्के. सहा! आणि जाळं लागतं ते त्याच्यासाठी नाहीच. टोटोआबा माशाच्या पोटातली हवेची पिशवी चीनमध्ये प्रचंड भावाने विकली जाते, म्हणून दोरीवर चादर वाळत घालावी तसं गिलनेट नावाचं जाळं पाण्यात उभं सोडतात. व्हाकिटा त्यात अडकतो, श्वासाला वर येता येत नाही, गुदमरतो. ‘मरणारच होता’ म्हटलं की जाळं टाकणारा सुटला.

टाकीचा प्रयोग 2017 मध्ये झालाय. दोन पकडले, एक घाबरलेलं पिल्लू लगेच सोडावं लागलं, दुसरी मादी मेली. तिथेच बंद.

अल्बाट्रॉसच्या काही जाती हजारोंनी आहेत, खरंय. पण धोक्यातला अ‍ॅमस्टरडॅम अल्बाट्रॉस दोन वर्षांतून एकच अंडं घालतो. एका अंड्यावर जगणाऱ्या पक्ष्याचं काय होतं ते सोलापूरकराला सांगायला नको. नान्नजला माळढोक बघायला जावं तर हल्ली बहुतेक वेळा नुसता माळ बघून परतावं लागतं. समुद्रात मैलोन्‌मैल दोरीला मासे धरायला गळ लावतात. आमिष बुडायच्या आत पक्षी झेप घेतो आणि दोरीबरोबर खाली जातो. उपाय? ज्वारीच्या रानात चकाकत्या फिती बांधतात, तशाच फिती बोटीमागे सोडायच्या, दोरीला वजन लावायचं. नामिबियात अशा उपायांनी लांब दोरीच्या बोटींवर मरणारे पक्षी 98 टक्क्यांनी घटले.

प्लास्टिक अल्बाट्रॉसच्या पिल्लांच्या पोटात जातं, एवढं खरं. व्हाकिटाला मारतं ते जाळंच.

भाचीने शेवटची दोन पानं फाडलीत, नवी लिहितेय. दाजींनी मेसेज अजून काढलेला नाही.