दालचिनी आणायला गेलेला माणूस

इक्वेडोरच्या राजधानीत, क्विटोत, बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी बाईला पहिला हिसका दाखवते ती तुरीची डाळ. हे शहर समुद्रसपाटीपासून 2,850 मीटरवर. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर जायचं आणि तिथून आणखी 1,200 मीटर चढायचं. इथं पाणी 90-91 अंशांवरच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ कितीही खदखदली तरी दाणा काही मऊ होत नाही. येताना कुकर आणला म्हणून निभावलं. हवेचा दाब मुंबईच्या जेमतेम 70 टक्के, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मी स्वतःच शिट्ट्या देते.

अशा गावात एका रविवारी सकाळी आमचे हे म्हणाले, "चल, ग्वापुलो बघून येऊ. अगदी शांत आहे म्हणतात."

"चढ आहे का?"

"छे गं. सगळा उतार."

बोलले ते अक्षरशः खरं होतं. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं.

क्विटोत दिवसभरासाठी बाहेर पडणं म्हणजे चारही ऋतूंचा बाडबिस्तरा बरोबर घेणं. विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर. हवा गार असते म्हणून ऊन कळत नाही, आणि रात्री आरशात बघावं तर नाक सोललेलं. दुपारी पाऊस, त्याला लहर आली तर गारा. सहा-साडेसहाला बारा महिने अंधार, की लगेच कुडकुडायचं. म्हणून टोपी, सनस्क्रीन, छत्री, दोन स्वेटर, मफलर आणि वर माझा चिवड्याचा डबा. ह्यांना फोटो काढायला हात मोकळे लागतात, त्यामुळे पिशवी कोणाच्या खांद्यावर होती ते सांगायला नको.

ग्वापुलो म्हणजे शहराच्या पूर्व कडेवरून दरीत घरंगळलेली जुनी वस्ती. वरच्या सज्जावर फ्रान्सिस्को दे ओरेयानाचा पुतळा आहे. हवा स्वच्छ असेल तर समोर कायाम्बे ज्वालामुखीचं बर्फ दिसतं. आम्ही गेलो तेव्हा समोर ढग होते, म्हणून मी पाटीच वाचत बसले. 1541 साली गोन्सालो पिसारो हा स्पॅनिश सरदार दालचिनीच्या शोधात क्विटोहून पूर्वेकडच्या जंगलात निघाला. हा ओरेयाना त्याचा दुय्यम. दालचिनी मिळाली ती इथंतिथं विखुरलेली, धंद्याला निरुपयोगी. खायचे वांधे झाले (पुढे पुढे तर घोडे, कुत्री आणि उकळलेले चामड्याचे पट्टेसुद्धा खाल्ले). तेव्हा ओरेयाना म्हणाला, मी नदीनं खाली जाऊन काहीतरी खायला घेऊन येतो. गेला तो गेलाच. प्रवाहाला जोर फार, उलटं येता येईना, अशी सबब. 1542 च्या ऑगस्टमध्ये तो थेट अटलांटिक महासागराला जाऊन लागला. वाटेतली नदी ॲमेझॉन निघाली म्हणून त्याचा पुतळा झाला. बरोबर हाकून नेलेले हजारो स्थानिक लोक त्या मोहिमेत मेले. त्यांचा पुतळा मला अजून कुठे दिसलेला नाही.

"बघ, काय धाडस!" हे म्हणाले.

कोथिंबीर आणायला पाठवलं तर दोन तासांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येणाऱ्या माणसाला हे धाडस वाटणारच.

तिथून खाली जाणाऱ्या रस्त्यालाही ओरेयानाचंच नाव आहे. गोटे बसवलेला, वळणावळणाचा, आणि उतार असा की चपलेतली बोटं आपल्या आधी पोचतात. पांढऱ्या भिंती, त्यावर मधेच कोणा चित्रकार पोरानं रंगवलेला निळा पक्षी, कौलांच्या फटीत उगवलेलं गवत. शांतता म्हणाल तर होती, पण कुत्र्यांना ती मान्य नव्हती. डोंगरउतारावरची घरं, खालच्या घराची गच्ची बरोबर रस्त्याच्या पातळीला येते आणि क्विटोतली कुत्री गच्चीत राहतात. म्हणजे भुंकणं थेट कानात. वळलं की नाकासमोर नाक.

मधेच हॉर्न वाजवत गॅसची गाडी आली. ह्यांचा कॅमेरा खाली, भुवया वर. "अगं, 15 किलोचं सिलिंडर! सरकारी भाव 1 डॉलर 60 सेंट!" पुढची पाच मिनिटं आम्ही भर रस्त्यात रुपयांत हिशेब केला. तेवढ्यात गाडीवरच्या पोरानं ते सिलिंडर खांद्यावर टाकलं आणि आम्ही जो जिना भिंतीला धरधरून उतरलो होतो त्यावरून शीळ घालत वर चढला. पोचवायचे वरचे पैसे घेतात म्हणे. घ्यावेतच.

तळाशी सतराव्या शतकातलं देऊळ, म्हणजे चर्च. आतलं प्रवचनाचं कोरीव लाकडी व्यासपीठ सुंदर आहे असं हे सांगतात. मी मागच्या बाकावर बसून पोटऱ्या चेपत होते.

बाहेर आलो आणि पाऊस. समोरच्या टपरीवजा हॉटेलात शिरलो. मालकीणबाईंनी कानेलासो दिला: पाण्यात दालचिनी आणि गूळ उकळून केलेलं वाफाळतं पेय. त्यात उसाची दारू घालतात; मी बाईंना खुणेनं "ती नको" सांगितलं. ओरेयानाला जी धड मिळाली नाही ती दालचिनी मला बसल्याजागी मिळाली.

"वर जायला बस किती लांब?" मी विचारलं.

बाईंनी हनुवटीनंच ढगांकडे दाखवलं. "हे काय, इथंच."

आमच्या कोकणातही वाट विचारली की असंच सांगतात, आणि त्या 'इथंच'मध्ये दोन ओढे आणि एक घाटी असते.

"तू बस," हे उठून म्हणाले, "मी टॅक्सी बघून येतो."

छत्री पिशवीत, पिशवी माझ्यापाशी. गेले तसेच. मी चिवडा खाल्ला. बाईंनाही दिला; त्यांना आवडला, पण तिखट फारच कमी म्हणाल्या आणि वर आपली मिरचीची चटणी ओतली. गारा पडून गेल्या, अंधारून आलं. मग फोन.

"अगं, मिळाली टॅक्सी!"

"कुठे आहात?"

"वर. पुतळ्यापाशी. ड्रायव्हर म्हणतो, ओल्या गोट्यांवरून खाली येणार नाही. तूच ये ना. इथंच तर आहे."

मी फोन ठेवला आणि मालकीणबाईंना दुसरा कानेलासो सांगितला. "ती" घालून.