प्रॉक्सीच्या कॉन्फिगमध्ये नावच लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे ग्राहकाची रिक्वेस्ट घेऊन मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा मधला सर्व्हर. त्याच्या कॉन्फिगमध्ये मागच्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता लिहावा की होस्टनेम, म्हणजे नाव? माझं मत ठाम आहे: नाव लिहा. १७२.१८.०.४ हा आकडा सहा महिन्यांनी कुणालाच काही सांगत नाही. तिथे 'बिलिंग' असं लिहिलेलं असेल, तर रात्री दोनला फोन करून उठवलेल्या नव्या मुलीलाही रिक्वेस्ट कुठे चाललीय ते कळतं.

डॉकरमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक ॲप आपापल्या कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतं तिथे, तर आयपीचा भरवसाच नाही. कंटेनर काढून नवा उभा केला की पत्ता बदलू शकतो. बदलल्यावर ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही, असा एरर) आला तर मी ते नशीब समजेन, निदान बिघाड दिसतो तरी. पण तोच पत्ता मधल्या वेळात दुसऱ्या कंटेनरला मिळाला आणि तोही त्याच पोर्टवर ऐकत असला, तर ग्राहकाची रिक्वेस्ट, कुकीसकट, भलत्याच ॲपकडे जाते.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ यापुढे होतो. एनजिनएक्स या प्रॉक्सीमध्ये प्रॉक्सी_पासला (रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या ओळीला) साधं नाव दिलं, तर ते सुरू होताना किंवा रीलोडच्या वेळी एकदाच शोधलं जातं. नंतर डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या व्यवस्थेत) काहीही बदलो, टीटीएल (ते उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ती मुदत) कितीही कमी असो, पुढच्या रीलोडपर्यंत जुनाच पत्ता चालतो. म्हणजे फाइलमध्ये नाव आणि पोटात आयपी! उघड लिहिलेल्या आयपीपेक्षा मला हे जास्त धोक्याचं वाटतं, कारण वाचणारा निर्धास्त होतो. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणारी सेवा) मागे असेल तर हे कधी ना कधी अंगावर येतंच, त्याचे आयपी बदलत राहतात. शिवाय सुरू होताना एक नाव सापडलं नाही, तर अख्खा एनजिनएक्स उठत नाही. एका बंद ॲपपायी त्याच प्रॉक्सीवरच्या बाकीच्या चांगल्या साइट्सही बंद.

म्हणून रिझॉल्व्हर द्या, म्हणजे चालू असताना नाव कुठल्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं त्याचा पत्ता. डॉकरच्या स्वतः बनवलेल्या नेटवर्कमध्ये तो १२७.०.०.११ असतो, डिफॉल्ट ब्रिजवर कंटेनरची नावं सापडतच नाहीत. नाव खरोखर पुन्हा विचारलं जावं यासाठीची जुनी युक्ती अशी, की ते व्हेरिएबलमध्ये ठेवून ते प्रॉक्सी_पासला द्यायचं. ती चालते, पण मग पाथ बदलण्याचे नेहमीचे नियम लागू होत नाहीत, ते नीट तपासा. हा रिझॉल्व्हर होस्ट्स फाइल (मशीनवरची नावं-पत्त्यांची यादी) वाचत नाही आणि सर्च डोमेनही (अर्धवट नावामागे लागणारं शेपूट) जोडत नाही, त्यामुळे कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्थेमध्ये सर्व्हिसचं पूर्ण नाव लिहावं लागतं. अपस्ट्रीममधल्या (मागच्या सर्व्हरांच्या यादीतल्या)  सर्व्हरला 'रिझॉल्व्ह' लावायची सोय बरीच वर्षं फक्त पैसे भरणाऱ्यांना होती. २०२४ मध्ये एनजिनएक्सच्या १.२७.३ आवृत्तीपासून ती सगळ्यांना खुली झाली. इतकी मूलभूत गोष्ट इतकी वर्षं कुलपात ठेवायला नको होती, हे मी स्पष्टच म्हणतो. एचएप्रॉक्सी या दुसऱ्या प्रॉक्सीने २०१५ मध्ये, १.६ आवृत्तीतच, चालू असताना नाव पुन्हा विचारण्याची सोय दिली होती.

अपवाद एकच मानतो: प्रॉक्सी कंटेनरमध्ये नसेल आणि ॲप त्याच मशीनवर असेल तर सरळ १२७.०.०.१ लिहा. 'लोकलहोस्ट' लिहिलं की त्याचा आयपीव्ही६ पत्ताही येऊ शकतो, आणि ॲप फक्त आयपीव्ही४ वर ऐकत असेल तर लॉगमध्ये अधूनमधून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसू लागतं.

"डीएनएस पडलं तर?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. घरातलं डीएनएस इतकं डळमळीत असेल तर आधी ते दुरुस्त करा.

आपली व्यवस्था तपासायची असेल तर टेस्ट सर्व्हरवर ॲपचा कंटेनर काढा, त्याच नेटवर्कवर आधी दुसराच एखादा उभा करा म्हणजे जुना पत्ता अडेल, आणि मग ॲप परत आणा. प्रॉक्सीला हात न लावता, नाव पुन्हा विचारायला रिझॉल्व्हरला जी वेळ दिली असेल तेवढ्यात साइट उघडली पाहिजे.