सील तोडा, घोडे सोडा

ट्रॅक्टर पंचेचाळीस एचपीचा, म्हणजे पंचेचाळीस घोड्यांच्या ताकदीचा आहे, ही कंपनीची समजूत. तुम्ही ती करून घ्यायचं काही कारण नाही. कंपनीची माणसं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून तवंदीचा घाट कधी चढली आहेत काय? मग घोडे मोजायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

तेव्हा नवा ट्रॅक्टर दारात आला, हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू फुटलं, की पहिल्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. थेट मेस्त्रीकडं न्या. डिझेल पंपाला एक स्क्रू असतो. त्याच्यावर बारीक तार आणि तारेला शिशाचं सील. हे सील मारायला कंपनीनं खास माणूस का ठेवला असेल, असा प्रश्न मनात येऊ देऊ नका. तार तोडायला पक्कड पुरते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. मेस्त्री तो स्क्रू अर्धा आटा फिरवतो, रेस देऊन कान लावतो, आणखी पाव आटा देतो आणि सांगतो, "हौद्री, झालं साठ."

साठ कशावरून, असं विचारून त्याचा अपमान करू नका. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टर डायनॅमोमीटरला जोडतात, पीटीओवर, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, किती ताकद मिळते ते तासन्‌तास मोजतात आणि छापील अहवाल काढतात. एवढा खटाटोप त्यांना करावा लागतो, कारण त्यांच्याकडं आमच्या मेस्त्रीसारखा कान नाही.

स्क्रूनं आत काय होतं ते मेस्त्री सांगणार नाही. मी सांगतो, ऐका आणि सोडून द्या. डिझेल इंजिनात हवा मावते तेवढीच येते. स्क्रूनं वाढतं ते फक्त डिझेल. चुलीत फुंकणी न मारता नुसती लाकडं कोंबत गेलं की काय होतं, ते घरात आईला विचारा. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते, कारण फवारा आणि हवा एकमेकांत मिसळायला क्षणभराचाही वेळ नसतो. कंपनी थोडी जागा राखून स्क्रू लावते, त्यामुळं पहिल्या पाव आट्याला खरंच जरा ओढ वाढते. खोटं कशाला बोला. त्याच्या पुढं ओढ फारशी वाढत नाही, धूर मात्र वाढतच जातो. आणि धूर म्हणजे तुम्हीच पंपावर पैसे मोजून घेतलेलं डिझेल, काळं करून आकाशाला परत केलेलं.

पण दिसण्यावर तरी आहे ना सगळं! बेळगावजवळ येळ्ळूरच्या शिवारात तुम्ही रेस दिली आणि राजहंसगडावर उभ्या माणसाला तुमचा ट्रॅक्टर कुठं आहे ते कळलं नाही, तर साठ एचपी काय लोणचं घालायचे? सायलेन्सरही काढून टाका, सरळ पाइप लावा. रात्री दोनला कारखान्याकडं निघालात की गल्लीतल्या सगळ्यांना कळलं पाहिजे, कुणाचा ऊस चाललाय.

सरकारला मात्र धुराचं वावडं. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम, ट्रेम चार, लागू झाले. त्याआधी पन्नास-साठ एचपीच्या इंजिनाला दर किलोवॅट-तासामागं ०.४ ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. ती ०.०२५ वर आणली, म्हणजे सोळावा हिस्सा. पन्नासच्या आतल्यांना तेव्हा जुनेच नियम राहिले, आणि काय योगायोग बघा, बाजारात ४९ एचपीचे ट्रॅक्टर दिसायला लागले. तेव्हा कलम ५२ दाखवून कुणी म्हणालं की मोटार वाहन कायद्यानं गाडीत असे फेरफार चालत नाहीत, तर सांगा, पळवाट शोधायला आम्ही मोठ्यांकडूनच शिकलो.

पन्नासच्या वरचा सीआरडीआय, म्हणजे कॉम्प्युटरनं डिझेल फवारणारा ट्रॅक्टर घेतला असेल तर तुमचं काम जरा नाजूक आहे. तिथं स्क्रूच नाही. कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, डिझेलच्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, हजार बारच्या वर दाब आहे. घाबरू नका, त्याला बॉक्स मिळतो. तो सेन्सरच्या वायरीत मध्येच बसतो आणि कॉम्प्युटरला सांगतो की दाब कमी पडतोय. बिचारा कॉम्प्युटर दाब वाढवतो, डिझेल जास्त जातं. पैसे देऊन विकत घेतलेली थाप आहे ती. हे काम लहान समजू नका. फोक्सवॅगननं जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असलं सॉफ्टवेअर घातलं होतं, की तपासणी चालू आहे हे गाडीनं ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सोवळं नेसायचं. २०१५ साली ते उघडं पडलं. तुमचं उघडं पडणार नाही, कारण तुमचा धूर लांबूनच दिसतो. त्यात लपवलेलं काही नाही.

मग ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह. जळून गेलेल्या वायूतला थोडा भाग हा परत इंजिनात सोडतो. त्यानं आतली आग जरा थंड राहते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. आमच्या मेस्त्रीचं म्हणणं, "इंजिनाला ओकलेलं परत खायला घालतंय ते." म्हणून तो पत्र्याचा तुकडा कापून वाट बुजवतो. त्यानं घोडे किती वाढतात माहीत नाही, मीटरवर एक दिवा मात्र वाढतो. दिव्यावर काळी टेप लावायची. टेपचे पैसे मेस्त्री घेत नाही, एवढा माणूस चांगला आहे.

आता ज्या गोष्टी चुकूनही करायच्या नाहीत त्या सांगतो. ट्रॅक्टर ओढेना झाला की एअर फिल्टर उघडून बघू नका. मळणीचा भुसा आणि आमच्या लाल रस्त्यांची धूळ त्यात बसलेली असते, ती काढली की ट्रॅक्टर ओढायला लागतो आणि सगळी मजा जाते. नोझल तपासू नका, टॅपेट सेट करून घेऊ नका, टायरातली हवा तर मुळीच बघू नका. दोन-चारशे रुपयांत काम झालं हे चारचौघांत सांगायचं कसं?

मागच्या चाकावरच्या वजनाबद्दलही कुणाशी बोलू नका, कारण खरी गोम तिथं आहे. एक घोडा म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणं. कागदावर हे घोडे कितीही मांडा. चाक जमिनीला जेवढं धरतं त्याच्यापुढं ट्रॅक्टर एक किलोसुद्धा जास्त ओढू शकत नाही. खानापूरकडं भाताच्या चिखलात उतरलात की वाढवलेले पंधरा घोडे जागच्या जागी चाक फिरवतात आणि ट्रॅक्टर पोटापर्यंत खाली जातो. तिथं लागतं केज व्हील, म्हणजे चिखलात धरणारं लोखंडी पिंजऱ्याचं चाक. घाटात लागतं पुढं वजन आणि मागं टायरात पाणी.

ट्रॅक्टर ओढायच्या शर्यतीत कधी उभं राहून बघा. पाठीला पाठ लावून दोन ट्रॅक्टर साखळीनं बांधतात. पंप वाढवलेला ट्रॅक्टर पहिल्यांदा गरजतो, तोंड वर करतो, ढगाएवढा धूर काढतो. पोरं शिट्ट्या मारतात. आणि टायरात गळ्यापर्यंत पाणी भरलेला जुनापुराणा ट्रॅक्टर त्याला घेऊन हळूहळू मागं निघतो, म्हैस पारड्याला नेते तसा. ढाल त्याला मिळते. मोबाइलवर व्हिडिओ फिरतो तो मात्र धुराचा. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही ठरवा.

धुराचं आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ साली डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की झालेल्यांत. तंबाखूही त्याच गटात. निपाणीच्या तंबाखूवर दोन पिढ्या जगलेल्या माणसाला असल्या यादीचं काय भ्या घालता? शिवाय ट्रॅक्टरवर बसणारा तुमचाच मुलगा असतो, आणि वारा समोरून असला की सगळा धूर त्याच्याच तोंडावर येतो. बाहेर कुणाला त्रास नाही.

आता आमच्या घरचं सांगतो, म्हणजे सल्ला फुकट दिला असं वाटायला नको. आमच्या थोरल्या चुलतभावानं, दादानं, हे सगळं केलं. साठ झालं, गावभर पेढे वाटायचे तेवढे राहिले. ऐन हंगामात, दोन ट्रॉल्या भरलेल्या, कारखाना चार किलोमीटरवर, आणि इंजिननं एकदम आवाज बदलला. उघडलं तर पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढं भोक. जास्तीचं डिझेल, आत जास्तीची उष्णता, आणि पिस्टन शेवटी ॲल्युमिनियमचाच. शोरूमवाल्यानं इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. पंपाकडं बघितलं, तुटलेल्या तारेचं टोक दोन बोटांत धरलं, आणि वॉरंटीचं कार्ड दादाच्या हातात परत दिलं.

इंजिनाचं हेड बेळगावच्या उद्यमबागेला, कारखान्यांच्या वसाहतीत गेलं, पिस्टन-लायनर नवे आले, इंजिन बांधायला अकरा दिवस गेले. तोडलेला ऊस फडात वाळत पडला, रोज वजन घटत होतं. टोळीवाला उचल घेऊन बसलेला, तो काय आमच्यासाठी थांबतोय? दुसऱ्याच्या फडाला गेला. दादानं त्या अकरा दिवसांत घोडे हा शब्द तोंडातून काढला नाही.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी मीही बरोबर होतो. मेस्त्रीनं स्क्रू मोजून पाऊण आटा मागं घेतला. मागं घ्यायची मजुरी पुढं घ्यायच्या मजुरीइतकीच, कारण आटे तेवढेच. मग लॉकनटवर पिवळ्या पेंटचा ठिपका दिला, कंपनी देते तसा. पेंटचे पन्नास वेगळे लावले.

येताना धूर नव्हता. स्टँडजवळ पोरं बसली होती, त्यातल्या एकानं हाक मारली, "काय गा दादा, आता कितीचा करून आणलास?"

दादानं ब्रेक न मारताच सांगितलं, "पासष्ट."