पाडव्याआधी संघ मोडा

साहेब, अभिनंदन! कारखाना झाला, सूतगिरणी झाली, डी.एड. कॉलेज निघालं आणि बंदही पडलं; आता फुटबॉल क्लब घेतलात. संघ तळाला आहे म्हणून स्वस्तात मिळाला, हे मात्र कुठं बोलू नका. 'पुनर्बांधणी' म्हणा. फार गुणाचा शब्द आहे. त्याच्या आडोशाला बसून दोन-तीन हंगाम निवांत हरता येतं आणि प्रत्येक पराभवाचं खापर मागच्या संचालक मंडळावर फोडता येतं. ही विद्या तुम्हाला नवी नाही म्हणा.

फुटबॉलचं कळत नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडे गुढीपाडव्याला सालगडी बदलतो, तसाच हा कारभार. युरोपात पाडवा वर्षातून दोनदा येतो, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा जानेवारीत, एवढाच फरक. एजंट म्हणजे मुकादम. सही करताना देतात ती रक्कम म्हणजे उचल. खेळाडूला गडी म्हटलं म्हणून कुणी तोंड वाकडं करू नये. या सगळ्याला 'बाजार' हे नाव तिकडच्यांनीच दिलंय.

आता करार. पहिला नियम असा, की चांगल्या खेळाडूची मुदत संपत आली की तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. 'आपलाच पोरगा आहे, जातो कुठं!' शेवटचे सहा महिने उरले की फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमानं तो दुसऱ्या क्लबाशी उघड बोली करू शकतो आणि मुदत संपली की तुमच्या हातावर छदाम न ठेवता जातो. ही सोय ज्याँ-मार्क बोसमन नावाच्या बेल्जियन खेळाडूनं करून ठेवली. 1990 साली त्याचा करार संपला. लिएजच्या क्लबानं पगार चौथाईवर आणला आणि दुसरीकडे जायचं तर त्याचेही पैसे मागितले. साल संपलं, पण दावं काही सुटेना. गडी कोर्टात गेला आणि 15 डिसेंबर 1995 ला युरोपीय न्यायालयानं सांगितलं की साल संपलं, गडी मोकळा. आपल्याकडे हा निकाल दर पाडव्याला बिनकोर्टाचा लागतो. अर्थात अंगावर उचल नसेल तर.

या नियमाचं सोनं कसं करायचं, ते मँचेस्टर युनायटेडकडून शिका. 2012 साली त्यांनी पॉल पोग्बा जवळपास फुकट जाऊ दिला. 2016 साली तोच पोग्बा 8 कोटी 90 लाख पौंड मोजून परत आणला. आणि 2022 साली करार संपल्यावर पुन्हा फुकट सोडला. माळेगावच्या यात्रेत असा व्यवहार कुणी केला असता तर घरच्यांनी त्याला परस्पर खंडोबाच्या पायाशी बसवून ठेवलं असतं. तिकडे याला धोरण म्हणतात.

मुदत संपू देण्याइतकीच मुदत लांबवण्यातही मौज आहे. समजा, तुम्ही शंभर कोटींचा खेळाडू घेतला. पाच वर्षांचा करार केला तर हिशेबाच्या वहीत दरवर्षी वीस कोटींचा खर्च दिसतो. आठ वर्षांचा केला तर साडेबारा. खेळाडू तोच, त्याचे गुडघे तेच, फक्त वही हलकी झाली. ट्रॅक्टरचे हप्ते लांबवून लांबवून शेवटच्या हप्त्यापर्यंत नुसती ट्रॉली उरते, ते तुम्ही पाहिलंच असेल. लंडनच्या चेल्सी क्लबानं 2023 साली एन्झो फर्नांडिसला साडेआठ वर्षांसाठी बांधलं. मग युएफाला, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेला, जाग आली आणि वाटणी पाच वर्षांच्या पुढे धरायची नाही, असा नियम त्याच वर्षी झाला. घाबरू नका. नियम वहीपुरता आहे. पगार आठ वर्षं द्यायला कुणीही अडवत नाही. आणि आठव्या वर्षी अध्यक्ष तुम्ही थोडेच असणार? त्या वेळी जो असेल त्याला पुनर्बांधणी करू द्या.

लांब कराराचा खेळाडू नकोसा झाला तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. त्याला आधी बाकावर बसवा, मग पोरांच्या संघाबरोबर पळवा, कंटाळून जाईल. विन्स्टन बोगार्डला चेल्सीनं असंच वागवून पाहिलं. 2000 साली चार वर्षांचा करार, आठवड्याला 40 हजार पौंड पगार म्हणे. सामने मोजकेच मिळाले. माणूस रोज सरावाला आला, घाम गाळला, घरी गेला आणि 2004 ला करार संपल्यावरच उठला. एकही खाडा नाही. लोक त्याला हावरट म्हणाले. कागदावर सही मात्र दोघांनी केली होती, आणि त्यातल्या एकानंच कागद वाचला होता.

पैशाची ओढाताण झालीच तर घरचं पोर विकायचं. बाहेरून आणलेल्या खेळाडूवर वहीत किंमत चिकटलेली असते; अकादमीत वाढलेल्यावर काहीच नाही, म्हणून विक्रीचा सगळा पैसा नफा. चेल्सीनं 2024 साली कॉनर गॅलाघर अॅटलेटिको माद्रिदला दिला तो असाच घरचा. आठ वर्षांचा असल्यापासून तिथं वाढलेला. तेव्हा अकादमी जरूर काढा. उद्घाटनाला पालकमंत्र्यांना बोलवा, रांगोळी काढा, आणि पोरं मिसरूड फुटायच्या आत बाजारात उभी करा.

करार कशावर करावा? बार्सिलोनानं 14 डिसेंबर 2000 ला तेरा वर्षांच्या मेस्सीशी पहिला शब्द कागदी रुमालावर दिला. आपल्याकडे भज्याखाली असतो, तसल्या. तोच रुमाल 2024 च्या लिलावात साडेसात लाख पौंडांच्या वर गेला. मधल्या काळात क्लबानं इतके लठ्ठ करार करून ठेवले, की 2021 साली मेस्सी निम्म्या पगारावर राहायला तयार असतानाही लीगच्या खर्चमर्यादेत तो बसेना. रडत रडत गेला. रुमाल जपून ठेवा, साहेब. खेळाडू नाही राहिला तरी चालतं.

मराठवाड्यात आधीचं काही उदाहरण आहे का, म्हणता? जवळून गेलंय. पुण्याचा क्लब 2019 साली गुंडाळला आणि त्याच्या जागी हैदराबादला नवा उभा राहिला. म्हणजे फुटबॉल नळदुर्ग-उमरग्यावरूनच गेला असणार, चहालाही उतरला नाही. त्या हैदराबादनं 2022 साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकली. मग पगार थकले, खेळाडू निघून गेले, आणि 2023-24 च्या अख्ख्या हंगामात एक सामना जिंकला. जुनं उदाहरण तर विसराच. 1950 ते 54 हैदराबादच्या पोलिसांनी मुंबईत सलग पाच रोव्हर्स कप जिंकले. तेव्हा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे कप निम्मे आपलेच. रहीमसाहेब प्रशिक्षक, खेळाडू पोलिसात कायम नोकरीला, तीच माणसं वर्षानुवर्षं एकत्र. ना एजंट, ना प्रोजेक्ट. असल्या संघाची पुनर्बांधणी कशी करणार?

शेवटचं पगाराचं. दोन महिने पगार थकला तर खेळाडूनं पंधरा दिवसांची नोटीस द्यायची आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर करार मोडून चालतं व्हायचं, असा फिफाचा नियम आहे. हे मी परवा माजलगावच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात एका जुन्या मुकादमाला समजावून सांगत होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तीस वर्षं त्यांनी कोयते भरून कारखान्यांना पाठवले. बशीतला चहा त्यांनी तसाच हातात धरून ठेवला.

"थांब मास्तर. नोटीस कोन कुनाला देतंय?"

"खेळाडू. मालकाला."

"गडी? मालकाला?" अण्णा हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. शेजारच्यानं पाठ चोळली. पलीकडच्या बाकड्यावर डोक्याला फडकं गुंडाळलेला एक पोरगा बसला होता. नवराबायको मिळून एक कोयता, दसऱ्याला उचल घेऊन गेलेला, फिटली नाही म्हणून पुढच्या सालालाही बांधलेला. तो हसला नाही.

"फिफाचं हापिस कुठं असतंय म्हनले?" त्यानं विचारलं.

"झ्युरिकला. स्वित्झर्लंडात."

त्यानं ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग चहाचे दहा रुपये काढून ठेवले आणि उठला.