कॉलर वर फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही

‘कॉइलओव्हरचा कॉलर वर फिरवा, स्प्रिंग कडक होते’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे. (कॉइलओव्हर म्हणजे शॉक अब्सॉर्बरभोवती बसवलेली स्प्रिंग; कॉलर म्हणजे तिला खालून आधार देणारी, आट्यांवर फिरणारी रिंग.) ८ किलो प्रति मिमीच्या लिनियर (म्हणजे दर ८ किलोला १ मिमी दबणाऱ्या) स्प्रिंगवर २४० किलो भार असेल, तर ती ३० मिमीच दबणार. कॉलर ५ मिमी वर नेला तरी ती तेवढीच दबते, गाडी मात्र उचलली जाते. माझदा एमएक्स-५ मध्ये तर चाकापाशी फरक ५ मिमीपेक्षा जास्तच पडतो. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

त्याहून घातक सवय म्हणजे गाडी जॅकवर असतानाच आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट पक्के आवळणे. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश चाकं टेकल्यावर पिळलेलेच राहतात, उंची फसवी दिसते आणि बुश लवकर फाटतात. कृपा करून चाकं टेकवा, गाडी पुढे-मागे ढकलून बसू द्या, मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लावा. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्यानंतर.