समुद्रसपाटीपासून १०२० फूट

समुद्राशी नागपूरकराचं नातं कागदोपत्री पक्कं आहे. झिरो माइलला चार घोड्यांच्या पुतळ्यांशेजारी १९०७ सालच्या सर्वेक्षणाचा दगड आहे, त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हापुढे तीन आकडे! इतक्या बारकाईनं आम्ही समुद्राला ओळखतो, फक्त भेट तेवढी होत नाही. फुटाळ्याच्या तलावाला आम्ही चौपाटी म्हणतो, तिथे मक्याचं कणीस खातो आणि वारा आला की "एकदम मुंबईच वाटून राहिली" असंही म्हणतो.

पण बायकोला खराखुरा समुद्र पाहायचा होता, ती ऐकेना. "नाग नदीचं पाणी पाहा," ती म्हणाली. "इथून कन्हान, मग वैनगंगा, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी समुद्र. आपल्या नाल्याला जमते, आपल्याला पंधरा वर्षांत नाही जमत!"

नाल्यानं आपल्यापेक्षा जास्त जग पाहिलंय हे कोणत्या नवऱ्याला सोसेल? मे महिन्यातच विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. मुंबई, गेटवेवरून लाँच, मांडवा, बस, अलिबाग. लोक म्हणाले, उन्हाळ्यात कोकणात कोण जातं, घामानं मराल. मी हसलो. २३ मे २०१३ ला ज्या गावानं ४७.९ अंश पाहिले, त्या गावच्या माणसाला तुम्ही अलिबागच्या तेहतीसची भीती घालता? तेहतीस म्हणजे आमच्याकडे होळीच्या आधीच मागे पडलेला आकडा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, नागड्या डोक्यानं काढलेले लोक आम्ही. (खोटं आहे. दुपट्टा, गॉगल, टोपी आणि खिशात कांदा असल्याशिवाय मी एप्रिलपासून पेपर आणायलाही जात नाही.)

लॉजच्या खोलीत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला मी कूलर मागितला. मॅनेजर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी उंट मागितला होता. मग त्यानं समजावलं: कूलर चालतो तो पाणी उडून जातं म्हणून, आणि इथल्या हवेत आधीच इतकं पाणी आहे की तुमचं पाणी ती घेतच नाही. घामाचंही तेच. नागपुरात घाम येतो हे मला चाळिसाव्या वर्षी अलिबागला कळलं. आमच्याकडे तो दिसण्याआधीच वाळून जातो, इथे तो आला की मुक्कामालाच येतो. रात्रभर पंखा डोक्यावर गरगरत होता आणि कालवलेली कणीक परातीत पडावी तसा मी गादीवर पडलो होतो. बायको खिडकीशी बसून लाटांचा आवाज ऐकत होती. "किती छान वाटते नाही?" मी उशी उलटी केली. ती खालूनही ओली होती.

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचा. उभा समुद्रात, पण ओहोटीला चालत जाता येतं. हे 'ओहोटीला' मी माहितीच्या फलकावरचं नुसतं विशेषण समजून वाचलं.

सकाळी चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी विचारलं, "किल्ल्यावर चाललात? आज तिथी कोणती?"

म्हातारा माणूस, उपवासबिपवास असेल, असं वाटलं. "तृतीया असेल, काका. आम्ही काही पाळत नाही."

"तुम्ही नका पाळू, समुद्र पाळतो," ते म्हणाले. "तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. जायचं तर आत्ता जा आणि दहाच्या आत परत या."

घड्याळात पावणेआठ वाजले होते. पण आधी नाश्ता नको का? पोहे आले. पोह्यांवर खोबरं होतं, तर्री नव्हती. "भाऊ, तर्री?" असं मी विचारलं आणि मग तर्री म्हणजे काय, तिच्यात चणे का असतात, ती लालच का हवी, हे त्या पोराला समजावण्यात पाऊण तास गेला. तो फार मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे मिसळ द्यायची का?"

नऊ वाजता आम्ही समुद्राच्या पोटातून चालत निघालो. खरंच चालत. ओली वाळू, मध्येच काळे खडक, त्यांना चिकटलेले पांढरे शिंपले, आणि घोट्याएवढ्या पाण्यात तिरक्या चालीचे खेकडे. बायकोनं चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि ती पोरीसारखी पुढे पळाली. मी डोक्याला दुपट्टा बांधून मागे. एका घोडागाडीवाल्यानं मला थांबून विचारलं, "डोक्याला काही लागलं का?"

किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोडं पाणी! पण मला तटानं खिळवून ठेवलं. भलेमोठे दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुन्याचा लेप नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. मी हे बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"त्यात काय," ती म्हणाली. "तुमच्यासोबत पंधरा वर्षांपासून मी तेच करून राहिले."

मग फोटो. मग तोफांचे फोटो. मग तोफेसोबत माझे फोटो, ज्यात तोफ जास्त प्रसन्न दिसते. साडेदहाला दरवाजातून बाहेर आलो, तर रस्ता नव्हता. म्हणजे अलिबाग होतं, नारळाची झाडं होती, टपरीही ओळखू येत होती. मधला भाग तेवढा कुणी उचलून नेला होता. ज्या खडकावर बसून बायकोनं पायातला काटा काढला होता, त्याचा माथा एकदा दिसला, मग एक लाट आली, मग दिसला नाही.

"काऊन जी," बायको शांतपणे म्हणाली, "तर्री कशी असते म्हणालात?"

पहाऱ्यावरच्या माणसानं सांगितलं की चालायला आता पाणी जास्त आणि होडीला अजून कमी. बाराच्या पुढे होडी लागेल. म्हणजे दीड तास. देवळाच्या सावलीत बसलो. वारा नावालाही नव्हता. माझा निळा शर्ट पाठीवर चिकटला आणि बाहीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या, एकीचा आकार तर थेट गोंदिया जिल्ह्यासारखा. मी मनातल्या मनात ४७.९ ची माफी मागितली. कोरडं ऊन मारतं तर निदान समोरून मारतं!

भूक लागली. बायकोनं पिशवीतून नागपूरहून आणलेला मुरमुऱ्यांचा चिवडा काढला. "कांदा असता तर," ती म्हणाली.

मी खिशात हात घातला.

उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवतो म्हणून ही बाई पंधरा वर्षं मला हसते. तो मी देवळाच्या पायरीवर ठेवला, बुक्की मारली, पाकळ्या सुट्या केल्या. पहाऱ्यावरचा माणूसही येऊन बसला. त्यानं तीनदा चिवडा घेतला आणि विचारलं, "तुमच्याकडे प्रत्येकाच्या खिशात असतो?"

"प्रत्येकाच्या," मी म्हणालो. त्या दिवसभरातलं ते एकच वाक्य मी ताठ मानेनं बोललो.

साडेबाराला होडी लागली. पैसे किती पडले ते बायकोनं मला अजून विसरू दिलेलं नाही.

नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. ऑटो मिळेपर्यंत शर्ट कडक वाळला होता. मी डोळे मिटून उभा होतो. ऑटोवाल्याला वाटलं चक्कर आली.

परवा संध्याकाळी फुटाळ्याला गेलो होतो. कणीस खाल्लं, वारा आला, पाणी काठाच्या दगडांना चुटचुट लागत होतं. बायकोनं मोबाइलमध्ये तिथी पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि उठली.

"चला. पाणी चढायच्या आत निघू."

"अगं, तलाव आहे हा."

"तिकडेही तुम्ही असंच म्हणाले होते."

कणीस अर्धं राहिलं होतं. ते हातात धरून मी तिच्या मागे निघालो.