स्पाइकची मुलगी

परवा एका वाढदिवसाला डेग्रासीचा, म्हणजे शाळकरी मुलांवरच्या कॅनडातल्या टीव्ही मालिकेचा, विषय निघाला. पुण्याहून नुकताच टोरंटोत शिकायला आलेला एक मुलगा लगेच म्हणाला, “काकू, ती ड्रेकवाली सीरियल ना?”

हो, ड्रेकवाली. रॅपर म्हणून नाव होण्याआधी तो ऑब्री ग्रॅहम होता आणि या मालिकेत जिमी ब्रुक्सचं काम करायचा. २०१८ मध्ये त्याने आपल्या एका गाण्याच्या व्हिडिओत बऱ्याच जुन्या सहकाऱ्यांना शाळेच्या गेट-टुगेदरसाठी पुन्हा गोळा केलं. तो व्हिडिओ मीही आवडीने पाहिला. पण एवढ्या वर्षांच्या कामातून लोकांच्या लक्षात फक्त ड्रेक राहणार असेल तर मला ते फार लागतं. म्हणून लिहितेय. मोठं होईल, सवडीने वाचा.

टोरंटोच्या पूर्व भागात डी ग्रासी नावाचा रस्ता खरोखर आहे. लिंडा स्कायलर याच शहरात शाळेत शिकवायच्या. किट हूड यांच्यासोबत त्यांनी १९७९ मध्ये मुलांना घेऊन एक छोटी फिल्म केली. तिच्यातून लहान मुलांची मालिका उभी राहिली आणि १९८७ मध्ये ‘डेग्रासी ज्युनियर हाय’ आली. तेरा वर्षांची मुलं वर्गात कशी बसतात, काय लपवतात, कशाला घाबरतात, हे बाईंनी रोज पाहिलेलं होतं. तेरा वर्षांच्या मुलाचं काम तेरा वर्षांच्या मुलानेच करायचं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकन मालिकांत तेव्हा पंचविशीतले देखणे नट दप्तर घेऊन फिरायचे. इथे मात्र टोरंटोतली साधी मुलं होती, चेहऱ्यावर पुटकुळ्या, अंगावर घरचेच वाटावेत असे कपडे. संहिता त्यांच्यासमोर वाचली जायची आणि त्यांच्या सांगण्यावरून संवाद बदलले जायचे. म्हणूनच आजही ते जुने भाग लावले की आपण कोणाच्या तरी वर्गात डोकावतोय असं वाटतं.

आता स्पाइक. केस काट्यांसारखे उभे, म्हणून स्पाइक. खरं नाव क्रिस्टीन नेल्सन, काम अमांडा स्टेप्टोचं. आठवीतली पोर. एका पार्टीत शेन नावाच्या मुलाशी संबंध येतो आणि तिला दिवस जातात. त्या भागाला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला. पुरस्कार ठीकच आहे, मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. एका भागात रडारड करून विषय गुंडाळला नाही. स्पाइकचं पोट पुढच्या भागांतही वाढत राहिलं, बाळ झालं, त्या बाळाचं नाव एमा. शेन नशेत पुलावरून पडला आणि त्याच्या मेंदूला झालेली इजा कायमची राहिली.

मग १९९१ मध्ये ‘डेग्रासी हाय’ संपली. दहा वर्षांनी, २००१ मध्ये, नवी मालिका सुरू झाली आणि तिची नायिका कोण? एमा नेल्सन. स्पाइकच्या पोटातलं बाळ सातवीत गेलं होतं! पहिल्याच कथेत ती इंटरनेटवर ओळख झालेल्या ‘मित्राला’ भेटायला हॉटेलात जाते आणि तो मोठा माणूस निघतो. पुढे ती आपल्या बापाला शोधत जाते, तेव्हा शेन एका संस्थेत राहत असतो, अजूनही तसाच. पडद्यावर झालेली चूक इतकी वर्षं कोणी सांभाळून ठेवत नाही. डेग्रासीने ती सांभाळली, आणि या मालिकेची पोच मी यात मोजते.

आम्ही ऑगस्ट २००३ मध्ये नाशिकहून टोरंटोतल्या स्कारबरोला आलो. लेक तेरा वर्षांची. शाळेत दुसऱ्या दिवशी बोलता यावं म्हणून ती ही मालिका बघायची, मी स्वयंपाकघरातून कानावर पडेल तेवढं ऐकायची. जानेवारीत तो मॅनीचा भाग लागला. मॅनी ही एमाची मैत्रीण, चौदा वर्षांची. तिलाही दिवस गेलेले आणि ती गर्भपाताचा विचार करतेय. मी हात पुसत बाहेर आले आणि रिमोट उचलला.

“आई, बंद नको करूस ना. ती तिच्या आईला सांगते का, एवढं बघायचंय.”

मी रिमोट खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. मॅनी आईला सांगते. आई तिला घेऊन दवाखान्यात जाते. एमाला मात्र हे पटत नाही, कारण तिच्या आईने त्याच वयात उलटा निर्णय घेतला म्हणून ती आज जगात आहे. दोन्ही मुलींचं म्हणणं आपापल्या जागी राहतं, मालिका निकाल देत बसत नाही. आम्ही दोघी त्या रात्री त्यावर एक शब्द बोललो नाही. काही दिवसांनी वरणाला फोडणी देताना लेकीने वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि मग ती सांगतच राहिली.

हाच भाग अमेरिकेतल्या वाहिनीने तेव्हा दाखवलाच नाही. तिथल्या मुलांनी विरोध केला, तरी तो दिसायला २००६ उजाडलं. १९८९ मध्येही असंच झालेलं. ‘डेग्रासी हाय’मधली एरिका गर्भपातासाठी दवाखान्यात जाते आणि बाहेर विरोध करणारे लोक उभे असतात, तो शेवट अमेरिकेत कापून दाखवला गेला. ब्रिटनमध्ये बीबीसीने काही भाग मुलांच्या वेळेत दाखवायला नकार दिला. मोठ्या माणसांना ज्याची भीती वाटली, ते मुलांच्या आयुष्यात आधीच घडत होतं. हे मी आई म्हणून सांगतेय.

आणि हो, जिमी. २००४ मध्येच शाळेत रिक नावाच्या मुलाच्या अंगावर सगळ्यांसमोर रंग आणि पिसं ओतली जातात, आणि तो बंदूक घेऊन परत येतो. गोळी जिमीच्या पाठीत लागते. बास्केटबॉल खेळणारा तो मुलगा पुढची वर्षं व्हीलचेअरवर काढतो. पुढच्याच भागात चमत्कार होऊन तो बरा होत नाही. ड्रेकचं नाव घ्यायचंच असेल तर या जिमीसाठी घ्या.

२००८ मध्ये मालिकेत अली आणि सॅव भंडारी ही बहीण-भावाची जोडी आली, तेव्हा लेक युनिव्हर्सिटीत होती. अली घरी एक मुलगी आणि शाळेत वेगळीच. सॅवचं एका मुलीवर प्रेम, आणि आईवडिलांनी दुसरीच बघून ठेवलेली. इथल्या टीव्हीवर आमच्यासारखी घरं तोवर मी जवळजवळ पाहिलीच नव्हती. ते कुटुंब मुस्लिम होतं, आम्ही नाही. पण जेवणाच्या टेबलावरची ती शांतता मला नेमकी ओळखीची होती.

पुढची वर्षं मला तितकी आवडली नाहीत. २०१० च्या उन्हाळ्यात आठवड्याला चार-चार भाग दाखवायला लागले आणि गोष्टींना मुरायला वेळ राहिला नाही. तरी त्याच वर्षी अ‍ॅडम टोरेस आला, ट्रान्स मुलगा, आणि त्याच्या कथेला पीबॉडी हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये त्याला गाडी चालवताना मेसेज करण्याच्या अपघातात मारून टाकलं. तसा मुलगा मोठा झालेला बघणं किती मुलांना हवं होतं! तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

वाढदिवसाहून घरी आल्यावर त्या मुलाला मेसेज केला, “ड्रेकपासून सुरू करू नकोस. १९८७ पासून कर, आठवीतल्या स्पाइकपासून.” काल रात्री त्याचं उत्तर आलं, “काकू, बरेच भाग झाले. तिने आईला सांगितलं.”